लाल वायर बॉडीला

जावयाचं बाकी सगळं एक वेळ अक्कांनी पोटात घातलं असतं, पण या माणसाला देवानं तोंड कशासाठी दिलंय हेच त्यांना कळत नव्हतं. विचारणं म्हणून नाही. लेक-जावई राहायला येऊन सहा महिने झाले, आणि या सहा महिन्यांत "अक्का, हे असं करू का?" एवढं त्यानं एकदा जरी विचारलं असेल तर शपथ. न्हाणीघराचं दार बाहेर उघडायचं, ते एका सकाळी आत उघडायला लागलं. स्वयंपाकघरातला दिवा ओट्यावर होता, तो खिडकीशी गेला. बरण्या उंचीप्रमाणे ओळीत उभ्या राहिल्या आणि अक्कांना आठवडाभर साखर सापडेना. बरं, भांडावं तर भांडायलाही जागा नाही. दार आता अडकत नव्हतं, दिव्याचा उजेड नीट पातेल्यात पडत होता. म्हणजे काम चोख आणि माणूस मुका. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान आवाज तरी करते.

तीन दिवसांपूर्वी मोटारसायकल बंद पडली, तेव्हा मात्र अक्कांना हवी होती ती जागा सापडली.

मोटारसायकल तात्यांची. तात्या म्हणजे अक्कांचे यजमान. कारखान्यात लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गाडी त्यांच्या लग्नाआधीची, म्हणजे अक्का घरात आल्या तेव्हा ती आधीच थोरली होऊन बसलेली. तिच्या पोटातलं नट-बोल्ट न् नट-बोल्ट तात्यांनी स्वतः उघडलेलं, आणि प्रत्येक वेळी बॅटरीचा दिवा धरून शेजारी बसल्या होत्या त्या अक्का. "दिवा इकडे. अगं, माझ्या डोळ्यांत नको, गाडीच्या." हे ऐकत त्यांची उमर गेली. अक्का शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. पण त्या गाडीपुरतं बोलायचं तर त्यांना कुणी शिकवायला यायची गरज नव्हती, आणि ही गोष्ट त्या गल्लीत कुणाला विसरू देत नसत.

तर गाडी बंद पडली त्या संध्याकाळी त्यांनी दारात उभं राहून, समोरच्या शिंप्याला ऐकू जाईल अशा बेतानं, निकाल देऊन टाकला होता. "चार वर्षं मी सांभाळली, काही झालं नाही. जावयांनी एक दिवस बाजारात नेली, दिवा चालू ठेवून भाजी घेत बसले, आणि बॅटरीचा जीव घेतला."

शिंप्यानं मशीन थांबवून ऐकलं होतं. जावई एवढंच म्हणाला होता, "असेल."

असेल म्हणे.

आज सोमवार होता आणि साडेनऊ वाजून गेले होते, आणि जिन्याखालच्या त्या अरुंद बोळकांडीत गाडी स्टँडवर उभी होती. जावई तिच्या डाव्या अंगाला उकिडवा बसलेला. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात नवी बॅटरी. दुकानदारानं रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी नऊला हातात दिलेली. अक्का जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण ही गाडी उघडताना त्या शेजारी बसल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं, आणि आज ते व्हायचं कारण नव्हतं.

घाई होती ती धाकटीची. धाकटी म्हणजे अक्कांची लेक, याचीच बायको. रक्त-लघवी तपासायची एक प्रयोगशाळा होती शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरोघर जाऊन नमुने गोळा करून आणायला त्यांना माणसं हवी होती, आणि अट एकच, स्वतःची दुचाकी. गाडी किती का जुनी असेना, पण दिवा, हॉर्न, ब्रेकचा लाल दिवा सगळं चालू पाहिजे. तपासणी आज अकराला, फाटकावर. जागा एक उरलेली आणि धाकटीच्या मागे दुसरा उमेदवार उभा. फोनवरची बाई स्वच्छ बोलली होती, अकरा म्हणजे अकरा, पाच मिनिटांनी आलात तर परत जा. धाकटीची आधीची नोकरी सुटून आठ महिने होत आले होते. पहिले दोन महिने ती हसून सांगायची, नंतर सांगायचीच बंद झाली. गेल्या महिन्यापासून तर ती दुपारी पंख्याकडे बघत पडून राहायची. लेकीचं ते पडून राहणं अक्कांच्या काळजात रुतलं होतं. या नोकरीचं कळल्यापासून ती उठून बसली होती. गाडी तिला तात्यांनीच शिकवलेली, ती चालवण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

"किती वेळ लागेल रे?" धाकटीनं आतून विचारलं. इस्त्री चालू होती.

"अर्धा तास," जावई म्हणाला.

"नवऱ्याला अरे-तुरे," अक्का पुटपुटल्या, "आणि नवराही असा की त्याला ते चालतं."

जावयानं बाजूचं झाकण काढलं. आत जुनी बॅटरी रबरी पट्ट्यानं आवळून बसलेली. तिच्या दोन टोकांवर दोन वायरी. एक गाडीच्या पोटातल्या वायरिंगमधून आलेली, दुसरी आखूड, सांगाड्याला बोल्टनं घट्ट बांधलेली. त्या सांगाड्याला सगळे बॉडी म्हणत. दोन्ही वायरी तेल-धूळ खाऊन सारख्याच काळपट झालेल्या. ओळखू यावं म्हणून तात्यांनी टोकाशी टेप गुंडाळली होती. बॉडीच्या वायरीला लाल, दुसरीला काळी. टेपा विटल्या होत्या, कडा सुटल्या होत्या, पण रंग कळत होता.

जावयानं आधी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. आवाज बंद करून पाहिला. मग दहा नंबरचा पाना उचलला आणि काळ्या टेपच्या वायरीला लावला.

"लाल आधी," अक्का म्हणाल्या.

"काळी आधी असते, अक्का."

"असते कुठं? आपल्याकडं लाल आधी निघते आणि शेवटी लागते. बॉडीची आधी."

"बॉडीची म्हणजे काळीच," जावई म्हणाला, आणि नट फिरवला. गंजलेला होता. दोनदा पाना सटकला, त्याचं बोट फुटलं, त्यानं ते तोंडात घालून काढलं आणि परत पाना लावला. काही विचारलं नाही, काही म्हणाला नाही. अक्कांनी ओठ आवळले. या माणसाशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून बसणं, आणि विहीर कोरडी.

वायरी सुटल्या. पट्टा सुटला. जावयानं बॅटरी दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली. तिचं अंग दुधी काचेसारखं, आरपार दिसणारं. आत पत्र्यांच्या तळाशी पांढरा गाळ साचला होता, बोटभर. वरच्या टोपणांच्या कडेलाही पांढरी खरपुडी, तिच्याखाली अधिक-उण्याच्या खुणा बुजलेल्या. त्यानं एक टोपण फिरवून काढलं आणि आत डोकावलं.

मग त्यानं मान वर केली आणि जिन्याच्या कठड्याखाली खिळ्याला टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं.

अक्कांनी बाटलीवरची नजर चटकन काढली.

ती बाटली तात्यांची. बॅटरीतलं पाणी कमी झालं की घालायचं पाणी त्यात असायचं. ते दुकानातून येई, साध्या पाण्यासारखंच दिसे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टोपणं उघडायची, पत्रे बुडेपर्यंत पाणी घालायचं. तात्या गेले तरी अक्कांनी तो रविवार चुकवला नाही. बाटली संपली तेव्हा त्या दुकानात गेल्या, दुकान बंद. एक वेळ नळाचं घातलं तर काय होतंय, असं म्हणून त्यांनी बाटली नळाखाली धरली. पुढच्या महिन्यात दुकान उघडं होतं, पण अक्का गेल्या नाहीत. गाडी चालत होती ना. पाणी ते पाणी. असं करत दोन वर्षं.

तात्या काय म्हणाले होते ते त्यांना पक्कं आठवत होतं. दिवा धरलेला असताना, एकदा नाही, दहा वेळा. "नळाचं घालायचं नाही हं. नळाच्या पाण्यात क्षार असतात. बॅटरी आतून मरते."

जावयानं बाटलीकडे पाहिलं, मग अक्कांकडे. अर्धा क्षण. मग त्यानं टोपण परत लावलं, बॅटरी भिंतीकडे तोंड करून ठेवली, म्हणजे गाळ असलेली बाजू भिंतीला लागेल अशी, आणि फडक्यानं हात पुसले. एक अक्षर बोलला नाही.

त्याला कळलं होतं, याबद्दल अक्कांना शंका उरली नाही. शिव्या देता तर सोसलं असतं. तुमच्यामुळे गेली, असं म्हणता तर उलट दोन ऐकवता आलं असतं. हा मेला तीन दिवस सगळ्या गल्लीत गुन्हेगार होऊन फिरला आणि आता पुरावा हातात आला तर तो भिंतीकडे तोंड करून ठेवतो. म्हातारीला सांभाळून घेतोय. अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग काढायला तोंड मात्र उरलं नव्हतं.

"अक्का, गाडीचं पुस्तक कुठाय?" आतून धाकटी. "नोंदणीचं. ते मागणार आहेत."

"ट्रंकेत."

"ट्रंकेत नाहीये. दहा वाजत आले, अक्का. ऊठ ना जरा."

अक्का उठल्या. पुस्तक ट्रंकेतच होतं, तळाला, तात्यांच्या कारखान्याच्या कागदांत. ते शोधायला दहा मिनिटं गेली. धाकटीनं ते हातातून ओढूनच घेतलं, पिशवीत घातलं, परत बाहेर काढून तारीख पाहिली, परत घातलं. "होईल ना ग वेळेत?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता केस बांधायला वळली.

अक्का बाहेर आल्या तेव्हा नवी बॅटरी जागेवर बसली होती. रबरी पट्टा आवळला होता. एक वायर लागलीसुद्धा होती आणि जावयाच्या हातात दुसरी होती, आखूड, बॉडीची. तिच्या टोकाला चकचकीत नवी टेप होती.

काळी.

अक्का पायरीवर टेकणार होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. बॉडीच्या वायरीला काळी टेप? मग लागलेल्या वायरीकडे पाहिलं. तिला लाल. अगदी कोरी. म्हणजे आपलंच उलट होतं का? लाल बॉडीला, लाल बॉडीला, हे आपण चार वर्षं घोकतोय ते चुकीचंच? पाण्याचं जसं दोन वर्षं मनाला समजावलं, तसंच हेही नसेल कशावरून? क्षणभर अक्कांना आपल्याच डोक्याचा भरवसा वाटेना. आणि मग त्यांना फरशीवर जुन्या टेपचे वेटोळे दिसले. चिकट, धुळीनं माखलेले. एक विटका लाल, एक काळा.

"थांबा," अक्का म्हणाल्या.

"झालंच." जावयाच्या हातातलं टोक बॅटरीच्या खुंटीपासून वीतभर लांब होतं.

"थांबा म्हणते ना. टेप कुणी बदलली?"

"मी. जुन्या उलट्या लागल्या होत्या," जावई शांतपणे म्हणाला. "नजरचुकीनं झालं असेल तात्यांकडून. नीट केल्या."

नीट केल्या. अक्का दोन पायऱ्या उतरल्या, वाकल्या आणि त्यांनी बॅटरीच्या त्या मोकळ्या खुंटीवर पंजा ठेवला. सगळा तळहात.

"अक्का, हात काढा."

"नाही काढत."

"अहो, दहा वाजून दहा झालेत."

"घड्याळ मलाही कळतं. ही वायर अशी लागली तर गाडी आज काय, वर्षभर चालणार नाही. या गाडीला लाल बॉडीला असते. अधिकाची खूण आहे ना बॅटरीवर, ती बॉडीला. उण्याची आत. जुन्या गाड्या आहेत या, यांचं सगळं असंच असतं."

समोर शिंप्याचं मशीन थांबलं.

जावयानं वायर खाली केली नाही, पण पुढंही आणली नाही. "अक्का, मी दुकानात दिवसभर दुरुस्तीचंच काम करतो. काळी बॉडीला. मोबाइल असू दे, रेडिओ असू दे, गाडी असू दे. सगळीकडे."

"मोबाइल माझ्या नवऱ्यानं नाही बांधला. ही बांधली."

धाकटी बाहेर आली. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पायात बूट. तिनं आईचा बॅटरीवरचा हात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काय चाललंय?"

"तुझा नवरा गाडी जाळायला निघालाय."

"अक्का, प्लीज. आज नको."

"एकदा जळलीय," अक्का म्हणाल्या. "तू चार वर्षांची होतीस. तात्या पाय मोडून घरात पडले होते, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानंही हेच केलं, हे असंच, काळी बॉडीला. धूर निघाला. आत एक पत्र्यांचा तुकडा असतो, रेक्टिफायर म्हणतात त्याला, तो जळून गेला. तसा दुसरा मिळवायला तात्यांना पाच महिने लागले. पाच महिने गाडी चादरीखाली. त्यानंतर त्यांनी त्या टेपा गुंडाळल्या, परत कुणी चुकू नये म्हणून. आणि यांनी त्याच सोलून काढल्या."

"तुला नीट आठवतंय का पण?" धाकटीचा आवाज चढला नव्हता, बारीक झाला होता. "तू तर तीन दिवस सांगतेस, दिवा चालू राहिला म्हणून बॅटरी गेली. दुकानदार काल याला म्हणाला, अर्ध्या तासाच्या दिव्यानं अशी जात नाही. सगळंच तुला माहीत असतं, अक्का. आणि माझे अकरा वाजतील. तू जोड रे."

जावयानं बायकोकडे पाहिलं, अक्कांच्या हाताकडे पाहिलं. जोडली नाही. पण वायर अजून हातातच होती, आणि तो बोलत नव्हता. गाळाचं तो आत्ता सांगू शकला असता. एक वाक्य, आणि अक्कांचा हात आपोआप निघाला असता. नाही बोलला. अक्कांना दिसलं की हा गप्प राहील, मग हळूच त्यांचं मनगट धरून बाजूला करील, अगदी अदबीनं, आणि वायर लावील. कारण त्याच्या लेखी त्यांचं बोलणं कधीच बाद झालं होतं. नळाचं पाणी घालणारी म्हातारी, तिला लाल काय आणि काळी काय.

गल्लीत कुठंतरी भांडं पडलं. शिंपी मान लांब करून बघत होता. त्यानं निदान मशीन चालवायचं नाटक तरी करायला हवं होतं.

अक्कांनी श्वास घेतला. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला नाही. आरोप मोठ्यानं केला होता, मग हेही मोठ्यानंच.

"बॅटरी मी मारली," त्या म्हणाल्या. "जावयांनी नाही. दोन वर्षं मी नळाचं पाणी घातलं तिच्यात. ती भिंतीकडं तोंड करून ठेवलीय ना, फिरव, बघ तळाला काय साचलंय. यांना मघाशीच कळलंय ते."

जावयानं मान खाली घातली, जणू चोरी त्याची पकडली होती.

"आणि मला माहीत नव्हतं म्हणून नाही घातलं," अक्का म्हणाल्या. "माहीत होतं. तात्यांनी दहा वेळा सांगितलं होतं, नळाचं नको. माझाच आळस, माझाच ताठा, दुकानात कोण जाणार. तेव्हा मी माहीत असून चुकले. आता माहीत आहे तेच सांगतेय. यात फरक आहे तो तुम्हाला कळत असेल तर कळू दे." मग त्या नुसत्या जावयाशी बोलल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कशाला ठेवाल? तुमच्याकडं तो काटेवाला डबा आहे ना, दुकानात वापरता तो. मला विचारायला तोंड दुखत असेल तर त्याला विचारा. पण विचारा."

जावयानं वायर खाली सोडली, तिचं टोक कशाला लागणार नाही असं बाजूला वळवलं, आणि उठून आत गेला. परत आला तो मीटर घेऊन. काटे नव्हते त्यात, आकडे होते, पण अक्का त्याला काटेवाला म्हणाल्या म्हणून त्यानं दुरुस्ती केली नाही. आधी लावलेली वायरही त्यानं पान्यानं सोडवली, म्हणजे गाडी पूर्ण मोकळी.

"दहा अठरा," धाकटी म्हणाली. तिनं पिशवीचा पट्टा मुठीत आवळला होता.

मीटरची एक तार त्यानं बॉडीला टेकवली, दुसरी वायरिंगच्या टोकाला. आकडा हलला नाही. त्यानं तारा उलट केल्या. मीटरवर आकडा उमटला. त्यानं परत सुलट केल्या, परत उलट. मग तो सीटखाली हात घालून काहीतरी चाचपत राहिला, बहुतेक तो रेक्टिफायरच, आणि परत तारा लावल्या. कपाळावर घामाचे थेंब आले होते. बोळकांडीत ऊन नव्हतं.

"काय?" धाकटी.

जावयानं मीटर फरशीवर ठेवला. "करंट उलट्या बाजूनं मोकळा जातोय," तो म्हणाला. "मी जशी लावत होतो तशी लागली असती तर सगळी बॅटरी या एका तुकड्यातून गेली असती. एका सेकंदात."

"मराठीत सांग ना."

"अक्का बरोबर आहेत."

जिंकल्यावर बोलायची अक्कांना फार सवय होती, पण आज ती चैन परवडणार नव्हती. घड्याळ चालूच होतं. लेकीची नोकरी अजून त्या दोन नटांत अडकलेली होती.

जावयानं नव्या टेपा ओरबाडून काढल्या. अधिकाची खूण बॉडीच्या बाजूला यावी म्हणून बॅटरी पट्ट्यातून काढून फिरवून बसवावी लागली, कारण आखूड वायर पलीकडच्या खुंटीपर्यंत पोचत नव्हती. पट्टा घाईत त्याच्या हातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा अक्कांनी स्वतः पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. आतली वायर उण्याला. नट. आवळला. मग आखूड वायर हातात घेऊन तो थांबला, आणि त्यानं अक्कांकडे पाहिलं. विचारलं नाही अजूनही. पण थांबला.

"हं," अक्का म्हणाल्या. "बॉडीची शेवटी. लावा."

वायर टेकली. धूर नाही. वास नाही. जावयानं पाना फिरवला आणि किल्ली लावली. हेडलाइटच्या डोक्यावर करंट दाखवणारी छोटी गोल तबकडी होती, तिचा काटा मध्यातून थोडा कलला. दिवा लागला, आधी पिवळा, मग पांढरा.

"किक मार," जावई म्हणाला.

धाकटी चढून उभी राहिली. पहिली किक फुकट. दुसरी फुकट. "दहा सत्तावीस," ती दातांतून म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. तिसऱ्या किकला गाडी फुरफुरली आणि गप्प बसली.

"पेट्रोलचा कॉक," अक्का म्हणाल्या. "तुम्ही बंद केलाय, जावईबापू. तुमचं सगळं नीटनेटकं असतं ना."

जावयानं टाकीखाली हात घालून कॉक उघडला. चौथ्या किकला गाडी लागली. बोळकांडीच्या दोन्ही भिंतींतून आवाज घुमला, शिंप्याच्या दाराची काच हादरली. हॉर्न वाजला. ब्रेक दाबला तसा मागचा लाल दिवा लागला, आणि जावई मागे जाऊन तो दोनदा बघून आला. गाडी बाहेर निघाली तेव्हा धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही. वेळच नव्हता.

त्यानंतरचा पाऊण तास सगळ्यात वाईट गेला. अक्का पायरीवर, जावई फरशीवर. मोबाइल मध्ये, उताणा. चौकात गर्दी असली तर? फाटकावरच्या बाईचं घड्याळ पुढं असलं तर? ब्रेकचा दिवा तिथं गेल्यावर नाही लागला तर? अक्कांनी एकेक करून सगळं मनात करून पाहिलं. जावई फडक्यानं पाने पुसत होता. एकच पाना त्यानं चार वेळा पुसला. शिंप्यानं मशीन सुरू केलं, थांबवलं, परत सुरू केलं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. जावयानं उचलला, ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कांच्या सांगण्याविना स्पीकर चालू केला.

"दहा चोपन्नला पोचले," धाकटी सांगत होती. मागे रस्त्याचा आवाज होता. "माणूस म्हणाला, हॉर्न किरकिरतो, पण चालेल. दिवा बघून म्हणाला, इतक्या जुन्या गाडीचा एवढा लख्ख दिवा बघितला नाही. उद्यापासून यायचंय, सात वाजता. अक्का ऐकतेय का?"

"ऐकतेय," अक्का म्हणाल्या. "सावकाश ये." आणि त्यांनी तोंड फिरवलं, कारण ओठ ऐकत नव्हते.

फोन ठेवल्यावर जावयानं फरशीवरचे टेपचे वेटोळे गोळा केले, नवे आणि जुने, आणि तळहातावर धरले. "अक्का," तो म्हणाला. थांबला. शब्द त्याला खरंच जड जात होते, नाटक नव्हतं. "लाल टेप परत बॉडीच्या वायरीला लावू का?"

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. फुटलेलं बोट, घामेजलेलं कपाळ, मांडीवर पडलेली काळी बोटं. सहा महिन्यांनी एक प्रश्न निघाला होता, आणि तोही असा की त्याचं उत्तर त्याला आता पक्कं माहीत होतं.

"लावा," त्या म्हणाल्या. "आणि आता ऐका, एकदाच सांगते. आज तुम्ही माझी चूक भिंतीकडं तोंड करून ठेवलीत. मला ते आवडलेलं नाही. मी काही काचेची बरणी नाही, मला उंचीप्रमाणे रांगेत उभं करून जपायला. उद्या मी चुकले तर तोंडावर सांगायचं, शिंप्याला ऐकू गेलं तरी चालेल. आणि माझ्या घरात कशाला हात लावायच्या आधी विचारायचं, मग ती गाडी असो नाही तर न्हाणीघराचं दार. हाताला हुशार आहात, मनानं वाईट नाही. पण न बोलता चांगलं वागणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहता येत नाही, जावईबापू, त्याच्या पुढ्यात नुसतं लाजत बसावं लागतं. तेवढं मला जमायचं नाही."